आधी उत्तर द्या, मग मायग्रेशन मागा : सीमेच्या दोन्ही बाजूंच्या विद्यापीठांना खुले पत्र

प्रति,
माननीय कुलगुरू आणि कुलसचिव,
सीमेच्या अलीकडचे व पलीकडचे विद्यापीठ,
तसेच कर्नाटक आणि महाराष्ट्र राज्यांचे उच्च शिक्षण विभाग यांस,

सादर नमस्कार.

मी बेळगावच्या वडगावातला विणकर. घरात चार यंत्रमाग होते, साड्या विणायचो. सुताचा भाव, विजेचे बिल आणि पडून राहिलेला माल यांचा मेळ बसेना, तेव्हा दोन माग विकले, मग उरलेले दोन. आता इचलकरंजीत एका कारखान्यात जॉबर म्हणून कामाला आहे. वडगावच्या घरी म्हातारी आई असते, महिन्यातून दोनदा तिच्याकडे येतो. राज्याची सीमा ओलांडून विद्यापीठ बदलताना माझ्या मुलीचे शिक्षण कसे अडले, ते सांगायला हे पत्र तिथेच बसून लिहितो आहे.

विद्यापीठांची, कॉलेजांची नावे मी मुद्दाम लिहीत नाही. एखाद्या खिडकीवर बसलेल्या माणसाला दोष देऊन माझे समाधान होणार नाही. त्या माणसाच्या हातात नियमच नसेल तर तो तरी काय करणार? नियम करणारे तुम्ही आहात, म्हणून तुम्हाला लिहितो.

माझी मुलगी 2024-25 ला बेळगावात बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला बसली. दोन्ही सेमिस्टर पास, एकही विषय राहिलेला नाही. त्याच उन्हाळ्यात आम्हाला घर हलवावे लागले. तिला अनगोळला आत्याकडे ठेवायचे ठरले होते, पण आत्याच्या दोन खोल्यांत आधीच पाच माणसे. कॉलेजातून आल्यावर वही उघडून बसायला जागा नाही. पोरगी कधी काही बोलली नाही, बहिणीनेही ‘राहू दे की, एक पोर काय जड झालंय’ असेच म्हटले. पण आपल्या लेकीचे तोंड बघून बापाला कळते. म्हणून दुसरे वर्ष इचलकरंजीत करायचे असे ठरवले. मध्येच विद्यापीठ बदलणे हा गुन्हा नसावा, असे मला वाटत होते.

पुढे जे झाले ते सविस्तर सांगतो, कारण माझी खरी तक्रार इथेच आहे.

पलीकडे, म्हणजे महाराष्ट्रातल्या विद्यापीठात, विचारायला गेलो. सांगितले, ‘आधी टी.सी. आणि मायग्रेशन आणा, मग पात्रता बघू.’ मायग्रेशन म्हणजे आधीचे विद्यापीठ सोडल्याचा दाखला. अलीकडे, बेळगावात आलो. सांगितले, ‘मायग्रेशन पाहिजे तर इथला प्रवेश रद्द करा.’ मी विचारले, प्रवेश रद्द केला आणि तिकडच्यांनी नाही म्हटले तर? त्यावर उत्तर मिळाले की ते तुम्ही तिकडे विचारा. तिकडे पुन्हा गेलो. म्हटले, कागद नंतर आणतो, आधी एवढेच सांगा की हिचे पहिले वर्ष धरणार की नाही. तर म्हणाले, मायग्रेशन दाखल झाल्याशिवाय फाईलच उघडत नाही. म्हणजे मुलीने आधी हातातली जागा सोडायची, आणि सोडल्यावर समजणार की पुढे जागा आहे की नाही. नदीच्या मधोमध उभे राहून होडी सोडायला सांगण्यासारखेच झाले हे.

या फेऱ्यांमध्ये अलीकडच्या खिडकीवर ‘नाळे बर्री’ किती वेळा ऐकले याची मोजदाद मी ठेवली नाही. उद्या या, उद्या या. उद्या येण्यासाठी मला इचलकरंजीहून पहाटेची बस धरावी लागते आणि एका पाळीचा पगार जातो.

मग अभ्यासक्रमाची साक्षांकित प्रत मागितली. प्रत्येक पानावर कॉलेजचा शिक्का आणि प्राचार्यांची सही हवी. प्राचार्यांनी अर्धा तास बसून सगळ्या पानांवर सह्या केल्या, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. मुलीने स्वतःहून आणखी एक काम केले. दोनशे पानी वहीत मध्ये उभी रेघ मारली. डावीकडे आपल्याकडचा पेपर, उजवीकडे तिकडचा पेपर. कुठले धडे जुळतात त्यावर निळी खूण, कुठले जुळत नाहीत त्यावर लाल. फायनान्शिअल अकाउंटिंगच्या पानावर वरपासून खालपर्यंत निळ्या खुणा होत्या. सगळ्या वहीत मिळून लाल खुणांचे पेपर निघाले तीन. चार रात्री जागून केलेली ती वही घेऊन आम्ही गेलो. खिडकीतल्या बाईंनी ती मनापासून चाळली, ‘छान केलंय गं’ म्हणाल्या. मग म्हणाल्या, हे अभ्यास मंडळापुढे, म्हणजे अभ्यासक्रम ठरवणाऱ्या प्राध्यापकांच्या समितीपुढे, जावे लागेल. मंडळाची बैठक कधी आहे ते त्यांनाही ठाऊक नव्हते.

तेवढ्यात पलीकडे दुसऱ्या वर्षाच्या प्रवेशाची मुदत संपली. आमच्याकडे दुसऱ्या सेमिस्टरचे मार्क्स कार्ड अजून हातात आले नव्हते. दोन्ही विद्यापीठांची वेळापत्रके आपापल्या गतीने चालतात, त्या मधल्या फटीत माझी मुलगी पडली. डिसेंबरात तोंडी उत्तर मिळाले : पहिल्या वर्षाला नव्याने प्रवेश घ्या. लेखी काहीच नाही.

ती मला एवढेच म्हणाली, ‘बाबा, पहिल्या वर्षात परत बसायचं काय मी?’ माझ्याजवळ उत्तर नव्हते. आज ती इचलकरंजीत एका सूत व्यापाऱ्याकडे हिशेब लिहायला जाते. जमा-नावे, खतावणी, जीएसटीचे विवरणपत्र, सगळे करते. मालक तिच्या नोंदी पुन्हा तपासत नाही. जे शिकून ती हे काम करते, ते तिने शिकलेच नाही असे तुमची फाईल म्हणते. सीमेवरचा कोगनोळीचा नाका ओलांडला म्हणून जर्नल एंट्री बदलत नाही. जीएसटीचा कायदा इकडच्या निपाणीत आणि तिकडच्या कागलमध्ये एकच आहे.

आता नियमांबद्दल. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षात शिक्षण सोडलेला माणूस, पण गेल्या वर्षभरात मुलीने मला हे सगळे वाचून दाखवले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2021 साली शैक्षणिक श्रेयांक बँकेचे नियम काढले. विद्यार्थ्याने मिळवलेले श्रेयांक, म्हणजे पास झालेल्या पेपरांचे क्रेडिट, या बँकेत जमा राहतात, साधारणपणे सात वर्षे चालतात, आणि एका संस्थेतून दुसऱ्या संस्थेत नेता येतात. पदवी देणाऱ्या संस्थेत निम्मे श्रेयांक मिळवलेले असले की पुरे. डिसेंबर 2022 मध्ये आयोगाने पदवीचा जो आराखडा दिला, त्यात तीन वर्षांच्या पदवीला 120 श्रेयांक धरले आहेत. माझ्या मुलीची सहापैकी दोन सेमिस्टर झाली, चार बाकी आहेत. म्हणजे निम्म्याहून जास्त शिक्षण ती नव्या ठिकाणीच घेणार होती. आयोगाच्या हिशेबात ती बसते. तुमच्या हिशेबात का बसत नाही, हे मला कोणी तरी कागदावर लिहून द्यावे.

कॉलेजने पहिल्याच आठवड्यात सगळ्या मुलांकडून या श्रेयांक बँकेचा बारा आकडी क्रमांक काढून घेतला. तो काढल्याशिवाय परीक्षेचा अर्ज भरता येणार नाही, असे बजावले. आम्ही काढला. तेव्हा सांगितले होते की यामुळे देशात कुठेही शिकता येते. बँकेत पैसे भरून घ्यायचे आणि दुसऱ्या शाखेत पासबुक नेले की इथे हे चालत नाही म्हणायचे, असा अनुभव आम्हाला आला.

यात दोन्ही राज्य सरकारांचाही भाग आहे. कर्नाटकाने नवे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2021-22 पासून देशात सर्वांत आधी पदवीला लावले. नंतर 2024-25 पासून ते बाजूला ठेवून तीन वर्षांच्या पदवीचा वेगळा अभ्यासक्रम आणला. महाराष्ट्रात संलग्न कॉलेजांमध्ये तेच राष्ट्रीय धोरण 2024-25 पासून सुरू झाले. एकाच वर्षी एका सरकारने धोरण सोडले, दुसऱ्याने धरले. कोण बरोबर याचा निवाडा मी करणार नाही, माझी ती पात्रता नाही. पण बेंगळुरूत आणि मुंबईत हे ठरवताना निपाणी, खानापूर, चंदगड आणि बेळगावच्या मुलांचा विचार एका ओळीत तरी व्हायला हवा होता. आमच्यासाठी दुसरे राज्य म्हणजे लांबचा मुलूख नव्हे. मुलीची मावशी तिकडे, आजोळ तिकडे, बाजारहाट तिकडे आणि कामधंदाही तिकडे.

आमच्या वडीलधाऱ्यांच्या काळात ही अडचण नव्हती. बेळगावचे लिंगराज कॉलेज 1933 चे, राणी पार्वतीदेवी कॉलेज 1945 चे. तेव्हा ही दोन्ही मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती आणि कोल्हापूरचे राजाराम कॉलेजही त्याच विद्यापीठाचे. 1948 साली एखादा मुलगा बेळगावातून कोल्हापूरला गेला असता तर कॉलेज बदलले असते, विद्यापीठ नाही. पुढे 1949 मध्ये पुणे आणि कर्नाटक ही विद्यापीठे झाली, 1956 ला राज्ये वेगळी झाली, 1962 मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ आले, 2010 मध्ये बेळगावला स्वतःचे विद्यापीठ मिळाले. विद्यापीठे जवळ आली हे फार चांगले झाले, आमच्या मुली त्यामुळेच शिकल्या. पण कोल्हापूर तेव्हाही साधारण 110 किलोमीटरवर होते आणि आजही तेवढ्यावरच आहे.

सीमाप्रश्न सर्वोच्च न्यायालयात 2004 पासून आहे. त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाचा प्रवेश त्याच्यासाठी थांबवून ठेवायचे कारण नाही.

आणि हा प्रश्न फक्त इकडून तिकडे जाणाऱ्यांचा आहे असे कोणी समजू नये. निपाणीची मुले शेजारच्या अर्जुननगरला देवचंद कॉलेजात शिकतात, ते कॉलेज महाराष्ट्रात आहे. चंदगड तालुक्याला कोल्हापूरपेक्षा बेळगाव जवळ, तिथली कितीतरी माणसे दवाखान्याला, बाजाराला, शिक्षणाला बेळगावातच येतात. उद्या एखाद्या चंदगडच्या मुलीचे लग्न ठरून ती खानापूरला आली आणि उरलेली दोन वर्षे इथे पुरी करायची म्हणाली, तर तिलाही असेच फिरावे लागेल. मला माझ्या मुलीसाठी जे हवे आहे ते तिच्यासाठीही हवे.

महाराष्ट्र शासनाने सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी अभियांत्रिकीसारख्या अभ्यासक्रमांत प्रवेशाची वेगळी सोय ठेवली आहे, त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. पण ती सोय प्रवेशाच्या सुरुवातीची आहे. मधल्या वर्षाला येणाऱ्या साध्या बी.ए., बी.कॉम.च्या मुलाकडे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही.

लाल खुणांच्या तीन पेपरांपैकी एक कन्नडचा होता. तो तिने आवडीने घेतला होता, चांगले गुण मिळवले होते. आमच्या गल्लीत निम्मी घरे कन्नड बोलणारी, तिच्या मैत्रिणीही तशाच. ती भाषा लिहिता-वाचता आली याचा मला आनंदच आहे. पण त्या पेपराला तिकडे जोडीच नाही, म्हणून त्याचे श्रेयांक धरता येत नाहीत असे सांगण्यात आले. भाषेचा पेपर हा भाषेचा पेपर म्हणून का धरू नये? तिकडच्या मुलाने मराठीचा पेपर देऊन इकडे प्रवेश मागितला, तर त्याचाही तो धरावा.

कागदांच्या भाषेचीही एक गोष्ट सांगतो. अर्जाच्या वर मी ‘माननीय कुलपती’ असे लिहिले होते, कारण आमच्याकडे कन्नडमध्ये कुलगुरूंना कुलपती म्हणतात. महाराष्ट्रात कुलपती म्हणजे राज्यपाल. तेवढ्यावरून अर्ज परत आला. कॉलेजने दिलेला एक दाखला कन्नडमध्ये होता, तर त्याचे भाषांतर करून नोटरीचा शिक्का आणा म्हणाले. शिष्यवृत्तीचे तर विचारूच नका, कर्नाटकचा जातीचा दाखला तिकडे चालत नाही, त्यामुळे फी पूर्ण भरायची तयारी आम्ही आधीच केली होती.

तुमची बाजू मला समजत नाही असे नाही. उद्या कोणी खोटे मार्क्स कार्ड घेऊन येईल, कोणी हलक्या कॉलेजातून चांगल्या कॉलेजात शिरायचा रस्ता म्हणून याचा वापर करेल, अशी भीती तुम्हाला असणार. तर तपासा. हवे तितके तपासा, श्रेयांक बँकेत नोंद आहे, विद्यापीठाकडून विद्यापीठाला विचारा. पण तपासणीला मुदत असावी, आणि तपासणी होईपर्यंत पोरीची आधीची जागा जाऊ नये.

मागावर बीम, म्हणजे उभ्या तारा गुंडाळलेला रूळ, संपत आला की आम्ही विणलेले कापड कापून टाकत नाही. नव्या बीमाची एकेक तार जुन्या बीमाच्या तारेला गाठून घेतो. हजारो तारा असतात, पाठ मोडून येते, डोळ्यांतून पाणी येते. एखादी तार तुटलेली सापडली तर तेवढी नवी घालतो. मग माग सुरू होतो आणि गाठी फणीतून पुढे निघून जातात. माझ्या मुलीच्या तीन तारा तुटलेल्या आहेत. त्या घालायला ती तयार आहे. तिला पहिल्यापासून विणायला लावू नका.

माझे स्वतःचे बी.ए. अर्धे राहिले, वडील आजारी पडले म्हणून. त्याची खंत आहे, पण ते आमच्या घरच्या परिस्थितीमुळे झाले. हिच्या बाबतीत घरची परिस्थिती आम्ही कशीबशी सांभाळली, फी बाजूला काढली, तरी ती घरी बसली.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत.

1. विद्यार्थ्याने मार्क्स कार्ड आणि अभ्यासक्रम दिल्यापासून पंधरा दिवसांत नव्या विद्यापीठाने लेखी कळवावे : कोणते पेपर धरले, कोणते नाहीत, कोणत्या वर्षाला प्रवेश मिळेल. हे उत्तर हातात पडेपर्यंत मायग्रेशन मागू नये आणि आधीच्या विद्यापीठाने प्रवेश रद्द करायला लावू नये. बाकी काही झाले नाही तरी एवढे एक करा.

2. दोन्ही विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांनी एकत्र बसून बी.ए., बी.कॉम. आणि बी.एस्सी.चा समकक्षतेचा तक्ता तयार करावा आणि तो सगळ्यांना पाहता येईल असा ठेवावा. अभ्यासक्रम बदलला की तक्ताही बदलावा. सुरुवात करायला माझ्या मुलीची वही मी आनंदाने देईन.

3. जे पेपर जुळत नाहीत तेवढेच दुसऱ्या वर्षाबरोबर देऊ द्यावेत. दोन-तीन पेपरांसाठी पूर्ण वर्ष परत करायला लावू नये. भाषेच्या पेपराला भाषेचा पेपर म्हणून मान्यता असावी.

4. निकाल उशिरा लागला तर श्रेयांक बँकेतली नोंद किंवा कॉलेजचे पत्र पाहून तात्पुरता प्रवेश द्यावा. मूळ कागदांसाठी एका सेमिस्टरची मुदत असावी.

5. दोन्हीकडे एक खिडकी अशी असावी जिथे कन्नड आणि मराठी दोन्ही वाचणारा माणूस बसेल. बेळगावात आणि कोल्हापूर जिल्ह्यात असा माणूस शोधायला फार लांब जावे लागणार नाही.

6. नकार द्यायचा असेल तर तो कारणासह कागदावर द्यावा, म्हणजे विद्यार्थ्याला वर दाद मागता येईल.

यातली एकही मागणी पैशाची नाही. इमारत नको, अनुदान नको, नवी नेमणूकही नको. दोन कुलसचिवांनी एक दिवस निपाणीत एका टेबलाशी बसावे, चहा आमच्याकडून.

येत्या जूनमध्ये पलीकडचे प्रवेश पुन्हा सुरू होतील. त्याच्या आधी, मेअखेरपर्यंत, या पत्राचे उत्तर मला मिळावे. मुलीचे मार्क्स कार्ड, शिक्के मारलेला अभ्यासक्रम आणि ती वही पिशवीत भरून ठेवली आहे. तुम्ही बोलवाल त्या दिवशी, बोलवाल त्या खिडकीवर आम्ही दोघे हजर राहू.

आपला विश्वासू,
एक विणकर बाप
वडगाव, बेळगाव